साथीचा रोग आणि घरोघरची रुग्णसेविका

रुग्णसेवा हे पुण्यकर्म आहे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ही सेवा रोजंदारीवर करणारी भगिनी स्वतः आजारी पडली, किंवा तिचे काम एका दिवसात बंद झाले, तर तिच्याकडे कोणी पाहावयाचे? २०२० सालच्या कोरोनाच्या साथीने हा प्रश्न आपल्या दारात आणून उभा केला.

पुण्या-मुंबईत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी ‘ब्युरो’मार्फत बाई ठेवण्याची पद्धत आहे. पाळी बारा तासांची किंवा चोवीस तासांची असते. ब्युरो आपले कमिशन घेतो. रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलणे, भरविणे, मलमूत्र काढणे ही कामे बाई करते. डिंगोरे, ओतूर, मढ या कल्याण-नगर रस्त्यावरील आपल्या गावांतून पोटासाठी शहराकडे जाण्याची रीत जुनी आहे. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

दि. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोरोना रुग्ण पुण्यात आढळले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. लोकलगाड्या सामान्यांसाठी बंद झाल्या, सोसायट्यांची फाटके लागली. बाईपुढे दोनच वाटा उरल्या : मुलाबाळांना सोडून रुग्णाच्याच घरी महिनोन् महिने राहावयाचे, नाहीतर कामावर पाणी सोडावयाचे. इकडे रुग्णाचेही हाल झाले. कूस वेळेवर बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. त्या टाळेबंदी संपण्याची वाट पाहत नाहीत. ब्युरोवाल्यांना बदली बाई पाठविता येईना, आणि काम नाही म्हणून कमिशनही नाही. मुळात हे काम अंगाला अंग लावूनच होते. दूर राहा, हा साथीतला पहिला नियम येथे पाळताच येत नाही.

सेवा करणाऱ्याने साथीत प्राण गमावल्याचे सर्वांत थोर उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. अशा त्यागाला आपण वंदन करतो. परंतु पोटासाठी राबणाऱ्या बाईकडून तोच त्याग गृहीत धरणे न्यायाचे नाही.

या बाबतीत आपल्या ग्रंथांत दोन कसोट्या सापडतात. पहिली विनयपिटकातील महावग्गाची. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, आणि चांगल्या परिचारकाची लक्षणे सांगितली. पथ्यापथ्य जाणणे, मलमूत्राची किळस न करणे ही त्यांपैकी होत. त्याच ठिकाणी रुग्णाचीही लक्षणे आहेत : त्याने पथ्य पाळावे, औषध घ्यावे आणि आजार आहे तसा सांगावा. साथीच्या काळात हे शेवटचे लक्षण किती मोलाचे! घरातील ताप लपवून बाईला कामावर बोलाविणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळणे होय.

दुसरी कसोटी सिगालोवाद सुत्ताची. मालकाने सेवकाला शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी, वेळेवर सुटी द्यावी. दयाळूपणा सेवकाचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, असे तेथे नाही.

प्रत्यक्षात काय झाले? आशा सेविकांसह शासकीय आरोग्य कर्मचाऱ्यांना केंद्राने २०२० साली ५० लाखांचे विमा संरक्षण दिले. खाजगी घरात रुग्ण सांभाळणारी बाई त्यात बसली नाही. जनधन खात्यातील महिलांना एप्रिल ते जून २०२० मध्ये दरमहा ५०० रुपये मिळाले. २०२१ साली राज्य शासनाने नोंदणीकृत घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर केले. बँकेत काम करणारे आम्ही एक गोष्ट नेहमी पाहतो : कागदावर नाव नसेल, तर मदत दारावरून निघून जाते. घरवाले म्हणतात बाई ब्युरोची, ब्युरो म्हणतो आम्ही फक्त पाठविली. मग ती कोणाची?

म्हणून शहरात हे काम करणाऱ्या आपल्या भगिनींनी पुढील गोष्टी कराव्यात, असे आम्हांस वाटते :

१) असंघटित कामगारांसाठी २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवावे.
२) पगार शक्यतो बँक खात्यात घ्यावा, नोकरीचा तोच पुरावा.
३) पाळी, सुटी, कमिशन आणि आजारपणातील पगार हे ब्युरोकडून लिहून घ्यावे.
४) हातमोजे, मुखपट्टी व साबण घरमालकाने पुरवावा, हे पहिल्याच दिवशी ठरवावे.

आणि ज्यांच्या घरी अशी बाई येते, त्या बांधवांनी साथीत तिचा पगार कापू नये. ती घरी बसते ती आपल्याच रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. तयारी मात्र आजच करता येते.