शालेय वयातील उद्यमशिक्षण

उद्यम शिकवणे म्हणजे मुलाला दुकानात बसवणे, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. आणि दुकानातच बसायचे तर शाळेचा खर्च कशाला, हा तिचा पुढचा भाग! आम्हांस ही समजूत मान्य नाही. नोकरी असो वा व्यवसाय, एक वाट बंद झाली म्हणजे दुसरी शोधावी लागते, आणि हे शिक्षण खरे उपयोगी पडते ते तेव्हा.

याचे उदाहरण आपल्या बेळगाव जिल्ह्यातच आहे. गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. काही रंगांतील भेद आपणांस ओळखता येत नाही असे आढळताच त्यांनी रंग सोडून यांत्रिक रेखाटन हाती घेतले. त्याच विद्येवर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षकाची नोकरी मिळाली. तेथील बढती हुकली, तेव्हा ते बेळगावी परतले. सायकलींचा धंदा, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची धारणा! पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली, आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली.

एवढी चिकाटी वर्गात शिकवता येणार नाही, हे खरे. तिची पूर्वतयारी मात्र करून घेता येते. समजा, आठवीच्या मुलांनी वह्यांचे भांडार काढले. २२ रुपयांची वही २५ रुपयांस द्यायची. ४० वह्यांत ८८० रुपये गुंतले. ३४ खपून ८५० जमले. गल्ल्यात ३० रुपये कमी पाहून मुले हिरमुसतील. पण उरलेल्या ६ वह्यांत १३२ रुपये अडकले आहेत. ते धरता १०२ रुपये नफाच आहे. त्या वह्या पावसात भिजल्या, तर मात्र ३० रुपयांचा तोटा खरा. रोकड निराळी आणि नफा निराळा, हा भेद फळ्यावर कितीही वेळा लिहिला तरी असा अंगी भिनत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काम शिकू द्यावे, अशी सूचना आहे. सूचना चांगली आहे. त्या कारागिरांचा हिशेबही मुलांनी पाहावा, एवढीच भर आम्ही घालू.

यांतील फार थोडी मुले पुढे कारखाना काढतील. परंतु पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासणारी मुलगी दुकानदाराला न खपलेल्या मालाविषयी आधी विचारील, आणि इस्पितळाचे औषधभांडार सांभाळणारा मुलगा मुदत संपत आलेल्या बाटल्या पुढच्या फळीवर आणून ठेवील.