गाडीतील कुबट वास

मुलांनो, वातानुकूलित गाडीत तुम्ही कधी बसला आहात का? बाहेर कडक ऊन असते, आत मात्र छान गारवा असतो. पण काही गाड्यांत एसी सुरू केला, की लगेच ओल्या गोणपाटासारखा वास येतो. कोणाला मळमळते, कोणाला शिंका येतात. हा वास येतो कोठून?

एक सोपा प्रयोग करा. काचेच्या पेल्यात बर्फ घातलेले पाणी ठेवा. थोड्या वेळाने पेल्याच्या बाहेरच्या बाजूला थेंब दिसतील. हे पाणी पेल्यातून झिरपलेले नसते. हवेतील बाष्प थंड काचेला लागून त्याचे पाणी झालेले असते. गाडीतही असेच घडते. डॅशबोर्डच्या मागे एक थंड जाळी असते. तिला 'कूलिंग कॉइल' म्हणतात. तिच्यावरून जाताना हवा थंड होते आणि हवेतील बाष्पाचे पाणी होते. ते एका नळीतून गाडीखाली ठिबकते.

हवेतील ओलावा आणि एसी यांचे नाते जुने आहे. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवा थंड करणारी यंत्रणा आखली. दमट हवेने तेथील कागद आकसत व फुगत असे आणि रंगीत छपाई बिघडत असे. म्हणजे तेथे माणसांच्या गारव्यापेक्षा कागदाच्या कोरडेपणाची काळजी अधिक होती!

गाडी बंद केल्यावर जाळी ओलीच राहते. तेथे अंधार असतो, धूळही असते. अशा जागी बुरशी आणि जीवाणू वाढतात. कुबट वास त्यांचाच असतो. दम्याच्या रुग्णांना अशा हवेचा फार त्रास होऊ शकतो.

अत्तराची बाटली टांगल्याने वास झाकला जातो, जात नाही. त्याचे मूळच काढायला हवे. त्यासाठी पुढील गोष्टी करा.

१. मुक्काम येण्यापूर्वी चार-पाच मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. जाळी वाळू लागते.
२. एसीच्या हवेचा फिल्टर वेळेवर बदला.
३. पुढच्या काचेखाली साचलेला पालापाचोळा काढा.
४. पायाखालची चटई आपोआप ओली होत असेल, तर पाण्याची नळी तुंबली आहे का, ते पाहा.
५. तरीही वास गेला नाही, तर मेकॅनिककडून जाळी साफ करून घ्या.

पेट्रोलचा किंवा जळका वास आला, तर मात्र थांबू नका. गाडी उभी करा, इंजिन बंद करा आणि खाली उतरा.

शेवटी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला वासच नसतो! म्हणून इंजिन चालू ठेवून, एसी लावून गाडीत कधीही झोपू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. तुमचे अब्बा, चाचा किंवा मामू गाडी चालवत असतील, तर त्यांनाही हे आज घरी जाऊन सांगा.

शब्दार्थ : ओलावा – नमी, बुरशी – फफूंदी, बाष्प – भाप, तुंबणे – अडकून बंद होणे.

स्वाध्याय
१. पेल्याच्या बाहेर पाणी कोठून आले?
२. मुक्कामापूर्वी एसी बंद करून पंखा का चालू ठेवावा?
३. 'वास झाकला जातो, जात नाही' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.