पाकिटातील रायझोबियम जिवंत आहे का? : संवर्धन माध्यमाद्वारे तपासणी

शेंगवर्गीय पिकांच्या बीजप्रक्रियेसाठी रायझोबियम जीवाणू खत वापरले जाते. मात्र काळ्या भुकटीकडे पाहून तिच्यातील जीवाणू जिवंत आहेत की मृत, हे समजत नाही. ते जाणून घेण्यासाठी प्रयोगशाळेत जीवाणूंची संवर्धन माध्यमावर वाढ करून पाहिली जाते.

माध्यम : रायझोबियमसाठी यीस्ट अर्क-मॅनिटॉल अगार हे माध्यम प्रचलित आहे. मॅनिटॉल हे शर्करावर्गीय संयुग जीवाणूंचा ऊर्जास्रोत होय. यीस्ट अर्कातून नत्र व जीवनसत्त्वे मिळतात, तर अगारमुळे माध्यम घट्ट होते. त्यात काँगो रेड हा रंग मिसळून ते 121 अंश सेल्सिअस तापमानास 15 ते 20 मिनिटे निर्जंतुक करतात.

मोजणी : नमुना निर्जंतुक पाण्यात टप्प्याटप्प्याने दसपट विरल केला जातो. 10 लाख पट विरल केलेल्या द्रावणाच्या 1 मिलिलीटरमधून 60 वसाहती वाढल्यास मूळ खताच्या प्रत्येक ग्रॅममध्ये 6 कोटी जिवंत जीवाणू आहेत, असे मानतात. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटी स्वरूपातील खतात प्रतिग्रॅम किमान 5 कोटी, तर द्रवरूप खतात प्रतिमिलिलीटर किमान 10 कोटी जीवाणू आवश्यक आहेत.

ओळख : रायझोबियमच्या वसाहती काँगो रेड फारसा शोषत नाहीत, त्या पांढरट, अर्धपारदर्शक व चिकट दिसतात. गडद लाल वसाहती बहुधा इतर जीवाणूंच्या असतात. वाढीचा वेगही महत्त्वाचा ठरतो. 28 ते 30 अंश तापमानास हरभऱ्याचे रायझोबियम साधारण 3 ते 5 दिवसांत दिसते. सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियमला 5 ते 7 दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे सोयाबीन खताच्या तपासणीत दुसऱ्याच दिवशी दिसणारी मोठी वसाहत भेसळीची शंका निर्माण करते आणि तिसऱ्या दिवशी रिकामी दिसणारी प्लेट खत निकामी असल्याचा पुरावा ठरत नाही.

रंग व आकार हे केवळ संकेत होत. निर्जंतुक वाळूत वाढविलेल्या संबंधित पिकाच्या रोपावर गाठी आल्या, तरच ओळख निश्चित होते.

विस्तार कार्यकर्त्यांनी तपासणीसाठी न उघडलेले पाकीट, गट क्रमांक व अंतिम वापर दिनांकासह, थंड पेटीतून पाठवावे. उन्हात तापलेल्या पाकिटातील जीवाणू मरतात. अशा नमुन्यावरून उत्पादनाच्या गुणवत्तेचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.