हळदीकुंकवाला दाराशी बसणारी ताई

(मासिक बैठकीत मोठ्याने वाचावे)

ताईंनो, संक्रांत आली की आपल्या परभणी जिल्ह्यात गावोगावी गटांची हळदीकुंकवं सुरू होतात. वाण काय लुटायचं यावर तासभर चर्चा होते. बोलवायचं कुणाला, यावर मात्र कुणी बोलत नाही. ते आधीच ठरल्यासारखं असतं.

बहुतेक गटात नवरा वारलेली किंवा नवऱ्याने सोडलेली एखादी ताई असतेच. एरवी ती आपल्यासारखीच सभासद. बचत वेळेवर, कर्जाचा हप्ता वेळेवर. हळदीकुंकवाला मात्र ती दाराशी बसते, नाहीतर "मी चहाचं बघते" म्हणत चुलीपाशी जाते. ताट फिरत फिरत तिच्यापाशी येतं आणि देणारीचा हात जरासा थांबतो. तेवढं थांबणं तिला पुरतं. पुढच्या वर्षी "रानात काम हाय" असा निरोप येतो. आपण म्हणतो, तिला आवडतच नाही. न आवडणं वेगळं आणि अवघडणं वेगळं, बायांनो.

जानेवारी १८५२ मध्ये सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने पुण्यात तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला होता. तेव्हा प्रश्न जातीचा होता. निमंत्रणातच लिहिलं होतं की, कोणत्याही जातीच्या स्त्रिया आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि भेद न करता हळदीकुंकू लावून तिळगूळ दिला जाईल. मला यातली खरी हुशारी निमंत्रणात दिसते. घरून निघायच्या आधीच बाईला कळलं की आपली जागा कुठं आहे.

अलीकडचं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं. तिथल्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव पुष्कळदा कागदावरच राहतो, हे खरं. पण कागद हाती असला की सासूशी, भावकीशी बोलायला बळ येतं.

आता आपल्या गटाचं. निरोप फोनवर न देता दोघीजणी तिच्या घरी जा. कुंकू लावून घ्यायचं का, हे तिथंच एकांतात विचारा, चारचौघीत नको. तिला नको असेल तर फूल द्या, तिळगूळ द्या, आग्रह करू नका. बसायचं बैठकीसारखं गोलात, म्हणजे दाराशी जागाच उरत नाही. वाण सगळ्यांना एकच. आणि माईक हातात घेऊन "आम्ही यांनाही बोलावलं बरं का" असं तर मुळीच म्हणू नका. त्यानं ती जास्तच परकी होते.

यंदाची यादी करायच्या आधी हा विषय बैठकीत घ्या आणि जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. गावात हेरवाडसारखा ठराव झाला आहे का, हे त्या सभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. झाला नसेल तर तो मांडायला कोण उभी राहणार, तिचं नावही त्याच इतिवृत्तात लिहून ठेवा.