ट्रायथलॉनचे घड्याळ : स्पर्धकाची अपेक्षा आणि यंत्राची मर्यादा

पणजीजवळील मिरामार किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी 'आयर्नमन ७०.३ गोवा' ही स्पर्धा प्रथमच भरली आणि 'ट्रायथलॉन' हा शब्द गोमंतकातील शाळाशाळांतून व घराघरांतून ऐकू येऊ लागला. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, लगेच ९० किलोमीटर सायकल चालविणे आणि अखेरीस २१.१ किलोमीटर धावणे, अशा तीन कसोट्या या स्पर्धेत एकामागून एक पार कराव्या लागतात. या तिन्ही अंतरांची मैलांत बेरीज केली म्हणजे ७०.३ हा आकडा मिळतो. या खेळात भाग घेणाऱ्या बहुतेकांच्या मनगटावर एक जाडसर, काळसर घड्याळ दिसते. त्याची किंमत काही हजार रुपयांपासून थेट लाखाच्या घरात जाते. खेळाची आवड असलेल्या मुलामुलींच्या पालकांना आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना साहजिकच प्रश्न पडतो की, या घड्याळात असे काय असते, आणि त्यावाचून अडते काय?

हा खेळ व हे तंत्र यांची वये जवळजवळ सारखीच आहेत, ही एक मौजेची गोष्ट होय. आधुनिक ट्रायथलॉन अमेरिकेतील सॅन डिएगो शहरी मिशन बे येथे सप्टेंबर १९७४ मध्ये प्रथम झाले. हवाई बेटसमूहातील पहिली 'आयर्नमन' स्पर्धा १८ फेब्रुवारी १९७८ रोजी झाली. तीत १५ जण उतरले व १२ जणांनी ती पूर्ण केली. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, २२ फेब्रुवारी १९७८ रोजी, अमेरिकेने जीपीएस यंत्रणेचा पहिला उपग्रह अवकाशात सोडला. त्या वेळी या दोन घटनांचा परस्परांशी संबंध जोडण्याचे कोणाच्या मनातही आले नसेल. नागरी वापरासाठीच्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली अशुद्धता अमेरिकन सरकारने मे २००० मध्ये काढून टाकली आणि मगच मनगटावरील उपकरणाला धावपटूचे अंतर विश्वासाने मोजणे शक्य झाले. योगायोगाने त्याच वर्षी सिडनी येथे ट्रायथलॉनचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला. पुढे २००९ मध्ये गार्मिन कंपनीचे 'फोररनर ३१०एक्सटी' हे घड्याळ आले. पन्नास मीटरपर्यंत जलरोधक, वीस तास चालणारे आणि तिन्ही क्रीडाप्रकारांची नोंद ठेवणारे असे ते होते. ते आकाराने बोजड असले तरी ट्रायथलॉनपटूंना हवे होते ते बरेचसे त्यात होते.

त्यांना नेमके हवे काय असते, हे समजण्यासाठी स्पर्धेतील एक क्षण डोळ्यांसमोर आणावा. स्पर्धक पाण्यातून बाहेर येतो. हात ओले व गारठलेले, कानांत पाणी, श्वास वर लागलेला. तो धावत सायकलीकडे जातो, शिरस्त्राण बांधतो, सायकल घेऊन निघतो. या बदलात जाणारा वेळही एकूण वेळेत धरला जातो. अशा वेळी घड्याळाच्या पडद्यावर बोट फिरवून 'पोहणे संपले, सायकल सुरू' असे निवडत बसणे शक्य नसते. शिवाय स्पर्शाने चालणारा पडदा पाण्याच्या थेंबालाही बोट समजतो आणि भलतेच काही करून बसतो. म्हणून ट्रायथलॉनपटू सर्वप्रथम पाहतो ते ठसठशीत बटण. ते एकदा दाबले की पोहणे संपून पहिला बदल सुरू व्हावा, पुन्हा दाबले की सायकल, पुन्हा दाबले की दुसरा बदल आणि शेवटी धावणे. पाच भागांची ही साखळी घड्याळात आधीच बसवून ठेवता येते. बाजारातील अनेक स्वस्त घड्याळे पोहणे, सायकल व धावणे हे तिन्ही मोजतात, परंतु प्रत्येकाची नोंद निराळी करतात. जाहिरातीत दोन्ही सारखीच वाटतात. खरेदी करणाऱ्याने हा एकच प्रश्न विचारला तरी निम्मे काम होते.

'५० मीटर जलरोधक' या शब्दांनीही अनेकांची दिशाभूल होते. दहा मीटर खोलीमागे पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. घड्याळ पाच वातावरणांचा दाब स्थिर अवस्थेत सोसू शकते, एवढाच त्याचा अर्थ आहे. ते घालून पन्नास मीटर खोल बुडी मारावी, असा नव्हे. पोहणाऱ्याचा हात मीटरभरापेक्षा खोल क्वचितच जातो, तेव्हा खोलीची चिंता त्याला नसतेच. चिंता असते ती खारे पाणी, घाम व साबण यांनी झिजणाऱ्या रबरी कडीची आणि पाण्याखाली दाबल्या जाणाऱ्या बटणाभोवतीच्या फटीची. जलरोधकता हा घड्याळाचा कायमचा गुण नव्हे. तो वयाबरोबर उणावतो.

आता अंतराकडे वळू. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात व रेडिओलहरींद्वारे आपले स्थान आणि अचूक वेळ सतत कळवीत असतात. संदेश पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून घड्याळ उपग्रहाचे अंतर काढते. रेडिओलहर एका सेकंदाच्या दहालक्षांश भागात सुमारे ३०० मीटर जाते, यावरून केवढ्या सूक्ष्म वेळेचा हा हिशेब आहे हे ध्यानी यावे. मनगटावरील घड्याळाची स्वतःची वेळ इतकी नेमकी नसते. म्हणून स्थानासाठी तीन आणि वेळेची चूक काढण्यासाठी आणखी एक, असे निदान चार उपग्रह लागतात. आजची बरीच घड्याळे रशिया, युरोप व चीन यांच्या उपग्रहांचेही संदेश घेतात. भारताच्या 'नाविक' यंत्रणेचे संदेश घेणारी घड्याळेही निघाली आहेत. माडांच्या दाट राईतून किंवा उंच इमारतींच्या बाजूने जाताना संदेश अडतात वा भिंतींवर आपटून उशिरा येतात, तेथे अधिक उपग्रहांचा आणि दोन वारंवारतांवर संदेश घेण्याच्या सोयीचा खरा लाभ होतो.

परंतु या लहरी पाण्यात शिरत नाहीत. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात त्या अगदी पृष्ठभागाशीच विरून जातात. मुक्त शैलीत पोहणाऱ्याचा हात प्रत्येक फेकीत क्षणभर पाण्याबाहेर येतो, तेवढ्यात घड्याळाने संदेश टिपावा लागतो. मिळालेले तुटक बिंदू जोडून, हाताच्या हालचालीवरून उरलेले भरून काढून ते वाट आखते. हे मोजमाप नव्हे, तर हुशारीने केलेला अंदाज होय. छातीवर पोहण्याच्या शैलीत हात बाहेर येतच नाही, तेव्हा त्या अंदाजालाही आधार उरत नाही. पूर्वी काही स्पर्धक घड्याळ मनगटावरून काढून डोक्यावरील रबरी टोपीखाली ठेवीत, ते याच कारणासाठी. डोके बहुधा पाण्यावर असते. तलावात, म्हणजे बांधीव जलतरण तलावात, घड्याळ उपग्रहांकडे पाहतच नाही. तलावाची लांबी आधी सांगावी लागते आणि शरीराच्या वळण्यावरून ते फेऱ्या मोजते. लांबी चुकीची सांगितली तर सारा हिशेब चुकतो, यात घड्याळाचा दोष नाही.

धावण्यातही आकडे फसवितात. मान्यताप्राप्त मार्ग शक्य तितक्या जवळच्या वाटेने मोजलेला असतो. स्पर्धक मात्र वळणावर बाहेरून जातो, गर्दी चुकवितो, पाण्यासाठी कडेला सरतो. त्यात उपग्रहीय मोजमापाची थरथर मिळते आणि २१.१ किलोमीटरच्या शेवटी घड्याळ २१.४ दाखविते. ही शर्यत दोन तासांत संपवायची तर किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद ही गती हवी. घड्याळावर हीच गती पाहत धावलेला स्पर्धक २१.४ किलोमीटरच्या हिशेबाने दीड मिनिट उशिरा पोहोचतो आणि मग घड्याळाला बोल लावतो. जाणते स्पर्धक रस्त्यावरील किलोमीटरच्या फलकापाशी बटण दाबून वेळ घेतात. तेच अधिक खरे. निकालाची वेळ तर घड्याळावरून ठरतच नाही; ती घोट्याला बांधलेल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवरून ठरते.

मग घड्याळ कशासाठी? मुख्यतः स्वतःला आवरण्यासाठी. सायकलीवर उत्साहाने जोर लावलेला स्पर्धक धावताना कोसळतो, हा या खेळातील नेहमीचा अनुभव आहे. किनारपट्टीच्या दमट उष्म्यात गती तीच राहिली तरी हृदयाचे ठोके हळूहळू चढत जातात, आणि ती वाढ वेळीच दिसणे हे गतीपेक्षा महत्त्वाचे असते. येथेही मर्यादा जाणून घ्यावी. घड्याळाच्या पाठीमागील हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्तप्रवाहावरून ठोके ओळखतो. पट्टा सैल असला किंवा मध्ये पाणी शिरले तर तो गोंधळतो. धावताना कधीकधी पावलांचा ठेकाच नाडीचा ठोका समजून मिनिटाला १७०-१८० असा आकडा दाखवितो. छातीला बांधावयाचा पट्टा हृदयाचे विद्युत्स्पंदन घेत असल्याने अधिक भरवशाचा ठरतो. पाण्यातून त्याचा बिनतारी संदेश मनगटापर्यंत पोहोचत नाही. यास्तव काही पट्टे पोहण्याच्या वेळची नोंद स्वतःजवळ साठवितात व नंतर घड्याळाला देतात. आकडा काहीही असो, चक्कर, मळमळ किंवा छातीत दुखणे जाणवले तर थांबून वैद्यकीय पथकाला हाक मारावी. घड्याळाचे मत विचारू नये. पाण्यात संकट आले असता हेच. घड्याळ हे तारक साधन नव्हे.

विद्युतघटाविषयी फारसे सांगावयास नको. 'आयर्नमन' पूर्ण अंतरास साधारणतः १७ तासांची मुदत असते, तेव्हा मंदगती स्पर्धकाचे घड्याळ तितका काळ, उपग्रहीय नोंद चालू ठेवून, टिकले पाहिजे. जाहिरातीतील 'चौदा दिवस' हा आकडा नुसती वेळ पाहणाऱ्यासाठी असतो. पडदा भर उन्हात वाचता यावा, त्यावर दोन-तीनच ठळक आकडे असावेत आणि पाणी पिण्याची आठवण आवाजाऐवजी मनगटावरील कंपनाने व्हावी, या मागण्याही जुन्याच आहेत. झोपेची प्रत, संगीत, दुकानात पैसे देण्याची सोय यांसाठी किंमत वाढते, पण स्पर्धेच्या दिवशी त्यांचा उपयोग नसतो.

विहिरीत वा तळ्यात पोहायला शिकलेल्या होतकरू मुलाला आरंभी हे घड्याळ लागत नाही. त्याला पाण्यावर लक्ष ठेवणारा जाणता माणूस, ठीक चालणारी सायकल, शिरस्त्राण व चांगले बूट यांची गरज आधी असते. मोजलेला तलाव व किलोमीटरचे दगड असलेला रस्ता मिळाला तर वीस-पंचवीस मिनिटांचा सराव साध्या घड्याळावरही नीट मोजता येतो. तीन क्रीडाप्रकार जोडून सराव सुरू झाला आणि स्पर्धा ठरली, म्हणजे खर्चाचा विचार करावा. तोही दोन-तीन वर्षांपूर्वीचे जुने पण बटणांचे घड्याळ पाहून.

ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी स्पर्धेपूर्वी पाच मिनिटे मोकळ्या आकाशाखाली उभे राहून घड्याळाला उपग्रह शोधू द्यावेत. गर्दीत, मंडपाखाली सुरू केलेली नोंद पहिले काही मिनिटे भरकटते. समुद्रातून आल्यावर ते गोड्या पाण्याने धुवावे, बटणांभोवतीचे मीठ निघू द्यावे, मऊ फडक्याने टिपावे आणि मागील धातूचे ठिपके पूर्ण कोरडे झाल्यावाचून विजेला लावू नये. ओल्या खारट ठिपक्यांतून वीज गेली की ते गंजतात आणि मग घड्याळ चालू स्थितीत असूनही चार्ज होत नाही.