रिकाम्या पिस्तुलाने शिकवलं

‘मी पिस्तूल चालवते’ हे वाक्य बीडमध्ये सहज उच्चारता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर पोहोचली. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांचे व्हिडिओ घरोघरी पाहिले गेले. त्यामुळे माझं एअर पिस्तूल हवेच्या दाबावर चालतं, 4.5 मिलिमीटरचा शिशाचा पेलेट मारतं, हे मला प्रत्येक वेळी आधी सांगावं लागतं. ते मी सांगतेच, कारण आमच्या खेळाचा तसल्या धाकाशी काडीचा संबंध नाही.

22 ऑगस्ट 2018 ला कोल्हापूरच्या राही सरनोबतने पालेमबांगला 25 मीटर पिस्तुलात आशियाई सुवर्ण जिंकलं. बरोबरी सोडवण्यासाठी दोनदा शूटऑफ झाला, तरी तिचं बोट घाई करत नव्हतं. ते पाहून मी शिकायला लागले. बीडहून पुण्यातल्या बालेवाडीची रेंज सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, म्हणून घरच्या लांबट पडवीत दहा मीटर मोजले आणि रोज शंभर पेलेट मारायला सुरुवात केली.

चूक तिथेच झाली. एका हाताने धरलेलं पिस्तूल कधीच स्थिर राहत नाही, ते डुलतंच. डुलता डुलता नळीच्या टोकावरची फ्रंट साइट क्षणभर अगदी बरोबर जागी येते. तो क्षण पकडायला मी ट्रिगर झटकन ओढत असे. त्या झटक्याने नळी खाली डावीकडे वळायची आणि पेलेट सात-आठच्या घरात जायचा. मी उजव्या हाताची, त्यामुळे माझी सगळी भोकं टार्गेटच्या डाव्या खालच्या बाजूला. मी साइट फिरवून फिरवून दुरुस्ती शोधत राहिले. दोन वर्षांत पेलेटचे कितीतरी डबे संपले आणि त्या प्रत्येक पेलेटबरोबर झटका पक्का होत गेला. एका स्पर्धेत साठ शॉट मारून खाली बसले तेव्हा शेजारच्या एका वयस्क सरांनी एवढंच विचारलं, “बाई, ड्राय किती करता?” ड्राय म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर ओढायचा सराव. तो मी करतच नव्हते.

झटका इतका महागात का पडतो, ते आधी समजून घ्या. आमच्या ट्रिगरचं वजन किमान 500 ग्रॅम असावं लागतं आणि अख्खं पिस्तूल किलोभराचं. म्हणजे पिस्तुलाच्या वजनाच्या निम्मा जोर एकटं बोट लावतं. तो जोर सरळ मागे न जाता जरा तिरका गेला की नळी हलली. दोन साइटमधलं अंतर साधारण 35 सेंटिमीटर. फ्रंट साइट एक मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर पेलेट सुमारे 29 मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे दहाचा सात होतो. दहाचं वर्तुळ अवघं साडेअकरा मिलिमीटरचं आहे. हात डुलल्याने एखादा गुण जातो, बोटाच्या झटक्याने तीन जातात.

मग मी तीन महिने पेलेट बंद ठेवले. पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहायचे, टार्गेट नाही, काही नाही. नजर फक्त फ्रंट साइटवर. बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर ठेवायचा, पहिला टप्पा घ्यायचा आणि मग दाब वाढवतच न्यायचा. ट्रिगर कधी सुटेल ते ठरवायचं नाही. सुटल्यावर दोन सेकंद तसंच उभं राहायचं आणि साइट हलली का ते पाहायचं. भिंतीवर नेम धरण्यासारखं काही नसल्यामुळे घाईचं कारणच उरत नाही. रोज वीस मिनिटं पुरतात. थकलेल्या हाताने केलेला सराव पुन्हा झटकाच शिकवतो.

पेलेट पुन्हा सुरू केले ते टार्गेट उलटं लावून, मागची कोरी बाजू समोर. आकडेच नाहीत, भोकं किती जवळ पडली एवढंच पाहायचं. आणि दहा वेळा हात उचलला तर तीन वेळा न मारता खाली घ्यायचा, हा नियम केला. आठ-दहा सेकंदांत शॉट गेला नाही तर तो सोडून द्यायचा. साठ शॉटना 75 मिनिटं असतात, सोडायला वेळ भरपूर आहे. मला सगळ्यात अवघड हेच गेलं.

खोटं उघडं पाडणारा सराव मात्र जोडीदाराबरोबरचा. त्याने कधी पेलेट भरून तर कधी ड्रायवर लावून पिस्तूल द्यायचं, आपल्याला माहीत नसावं. ड्राय असताना नळी खाली दबली तर झटका अजून आहे. नळीवर नाणं ठेवून ते न पाडता ट्रिगर ओढायची पद्धत मला पटत नाही, नजर साइट सोडून नाण्याकडे जाते. स्प्रिंगचं पिस्तूल असेल तर ते पेलेटशिवाय झाडू नका, आतला पिस्टन खराब होतो.

आता जे सांगते ते विसरू नका. एका संध्याकाळी ‘रिकामंच आहे’ म्हणून मी ड्राय सुरू केला. आत पेलेट होता. तो दाराच्या चौकटीत घुसला, भाचीचं दप्तर टांगलं होतं त्याच्या वीतभर वर. त्या दिवसापासून हात उचलेपर्यंत नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, असतो, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत असतो आणि सरावाच्या भिंतीमागे कुणी नसतं. घरात पिस्तूल कुलुपात राहतं.

आता माझ्याकडे शेजारची काही मुलं शिकायला येतात. पहिला महिनाभर मी त्यांना पेलेट देत नाही. पालकहो, तुमचा मुलगा महिनाभर एकही पेलेट न उडवता घरी आला तर चौकशीला जरूर या, पण त्याला घाई करायला लावू नका.