छातीत ‘पाणी’ होते म्हणजे काय होते?

पिंपरी, भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या वस्तीत तुम्ही राहत असाल, तर ‘अमक्याच्या छातीत पाणी झालंय’ हे वाक्य तुमच्या कानावर नक्की आले असेल. जुनी माणसे यालाच ‘प्लुरसी’ म्हणतात. हे ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते, की फुप्फुसात, म्हणजे हवा भरते त्या पिशव्यांत, पाणी शिरले आहे. तोही एक आजार आहे, पण वेगळा. आज आपण ज्याविषयी बोलणार आहोत ते पाणी फुप्फुसाच्या आत नसते, बाहेर असते. ते तेथे येते कसे, ओळखतात कसे आणि काढतात कसे, हे समजायला तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील द्रवाचा दाब, घर्षण आणि ध्वनी ही तीन प्रकरणे जवळजवळ पुरतात.

फुप्फुसावर एक पातळ, गुळगुळीत आवरण असते. त्याला परिफुप्फुस म्हणतात. त्याचा एक पदर फुप्फुसाला चिकटलेला, तर दुसरा बरगड्यांच्या आतल्या बाजूला. दोन पदरांमध्ये जागा अशी जवळजवळ नाहीच. प्रत्येक बाजूला सात-आठ मिलिलिटर द्रवाचा पापुद्रा असतो, म्हणजे दीड चहाचा चमचा. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून पाहा. त्या एकमेकींवरून सहज घसरतात, पण सरळ ओढून वेगळ्या करायला जोर लागतो. परिफुप्फुसाचे दोन पदर असेच वागतात. फुप्फुस रबराप्रमाणे आत आकसू पाहते, छातीचा पिंजरा बाहेर फाकू पाहतो. या ओढाताणीमुळे मधल्या फटीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी, म्हणजे संथ श्वासाच्या शेवटी सुमारे ५ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका कमी असतो. आपण याला उणे ५ म्हणू.

आता या फटीत पाणी येते कोठून? रक्ताच्या केशवाहिन्यांतून. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग याने १८९६ साली याचा जमाखर्च मांडला. तो इतका साधा आहे, की आकडे घालूनच पाहू. बरगड्यांकडील पदराच्या केशवाहिन्यांत दाब सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याइतका असतो. फटीत उणे ५. म्हणजे द्रवाला बाहेर ढकलणारा फरक झाला ३५. उलट, रक्तातील प्रथिने पाण्याला धरून ठेवतात. त्यांची ओढ सुमारे ३४, तर फटीतील द्रवात प्रथिने थोडीच असल्याने तिकडची ओढ ५. आत खेचणारा फरक झाला २९. पस्तिसातून एकोणतीस गेले, उरले ६. एवढ्या जोरावर द्रव सतत फटीत पाझरत राहतो आणि लसीकावाहिन्या तो सतत वाहून नेतात. मोठ्या माणसात हा पाझर दिवसाला जेमतेम १५ मिलिलिटर असतो, आणि गरज पडल्यास लसीकावाहिन्या त्याच्या सुमारे वीस पट द्रव उचलू शकतात. घरातील मोरीचे भोक नळापेक्षा कितीतरी मोठे असावे, तशी ही सोय आहे.

तरीही मोरी तुंबते. वरचे गणित पुन्हा डोळ्यांसमोर आणा आणि कोणता आकडा बदलला तर काय होईल ते पाहा. हृदय दुबळे झाले, की रक्त मागे साचते आणि ३० चा आकडा वाढतो. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडून रक्तातील प्रथिने घटली, की ३४ चा आकडा खाली येतो. या दोन्ही प्रकारांत भिंत शाबूत असते. येते ते पातळ, गाळलेले पाणी. पण परिफुप्फुसालाच दाह झाला, तर केशवाहिन्यांची भिंतच सैल होते आणि पाण्याबरोबर प्रथिनेही निसटतात. मग ५ चा आकडाही वाढतो आणि पाझर आणखी वाढतो. न्यूमोनिया, कर्करोग आणि आपल्या देशात विशेषेकरून क्षयरोग ही याची कारणे. पातळ पाण्याला डॉक्टर ‘ट्रान्स्युडेट’ व दाट पाण्याला ‘एक्स्युडेट’ म्हणतात. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. भिंत शाबूत आहे की नाही, हा प्रश्न लक्षात ठेवा.

दाहाच्या प्रकारात एक फसवी गोष्ट घडते. सुरुवातीला परिफुप्फुसाचे पदर खरखरीत होतात आणि प्रत्येक श्वासाला एकमेकांवर घासतात. खोल श्वास घेतला, खोकला आला, की कुशीत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. पुढे मध्ये पाणी साचते, पदर दूर होतात, घर्षण थांबते आणि कळही थांबते! कामावर खाडा नको म्हणून आधीच घाईत असलेल्या कामगाराला वाटते, आपण बरे झालो. तो पुन्हा पाळीवर जातो. प्रत्यक्षात पाणी वाढत असते. आठ-पंधरा दिवसांत जिना चढताना धाप लागू लागते, संध्याकाळी बारीक ताप येतो, एका कुशीवर झोपवत नाही. तुमच्या घरात कोणी असे सांगितले, तर ‘दुखायचे थांबले’ या वाक्यावर विसंबू नका.

डॉक्टर तपासताना छातीवर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टिचकी मारतात. छाती वाजवून पाहण्याची युक्ती लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने १७६१ साली पुस्तकरूपाने मांडली. त्याचे वडील खाणावळ चालवीत. पिपात दारू किती उरली हे वाजवून पाहण्याची रीत त्याला ठाऊक होती, असे सांगतात. चाकणच्या एखाद्या वर्कशॉपबाहेर तेलाचे पिंप दिसले, तर वरपासून खालपर्यंत वाजवत या. रिकाम्या भागाचा आवाज घुमणारा, भरलेल्या भागाचा बद्द. पत्र्याच्या पाठीशी हवा असेल तर पत्रा मोकळेपणाने कंप पावतो; पाणी असेल तर त्याचे वस्तुमान पत्र्याला जखडते आणि कंप लवकर विरतो. छातीचेही तसेच. पाणी साचले तेथे टिचकीचा आवाज दगडावर मारल्यासारखा येतो. स्टेथोस्कोप लावला तर श्वासाचा आवाज तेथे मंद होतो किंवा ऐकूच येत नाही. ध्वनी एका माध्यमातून अगदी वेगळ्या माध्यमात जाताना बराचसा परावर्तित होतो. विहिरीत बुडी मारली की काठावरची आरडाओरड विरते, ती याचमुळे.

मग क्ष-किरण चित्र. उभ्या माणसात पाणी तळाशी उतरते आणि बरगड्या व श्वासपटल यांमधला टोकदार कोपरा बुजतो. पण उभ्या छायाचित्रात हे दिसायला सुमारे २०० मिलिलिटर पाणी जमावे लागते. चित्रात पाण्याची वरची कड कडेकडे चढत गेलेली, वाटीसारखी दिसते. पुष्कळ विद्यार्थी (आणि काही शिक्षकही!) हे केशाकर्षण समजतात. तसे नाही. पाणी फुप्फुसाभोवती चहूकडून वेढा घालून असते. कडेला किरण त्या थराच्या लांबीतून जातात, म्हणून तेथे सावली गडद आणि उंच दिसते. मधोमध तोच थर किरणांच्या आड केवळ जाडीने येतो आणि दिसत नाही. फटीत पाण्याबरोबर हवाही असेल, तर मात्र पाण्याची पातळी फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ दिसते. आज याहून थोडे पाणीही सोनोग्राफीने सापडते, आणि सुई कोठे घालावी हेही कळते.

सुई घालतात ती पाठीकडून, रुग्णाला पुढे वाकवून बसवून, आणि बरगडीच्या वरच्या कडेला लागून. कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या आणि चेतातंतू जातात. काढलेल्या पाण्याचा रंगही पुष्कळ सांगतो. क्षयाचे पाणी बहुधा पेंढ्यासारखे पिवळसर असते. अमेरिकेतील डॉ. रिचर्ड लाइट व सहकाऱ्यांनी १९७२ साली साधी कसोटी दिली: पाण्यातील प्रथिने रक्तातील प्रथिनांच्या निम्म्याहून जास्त असतील, तर ते दाट पाणी समजावे. या कसोटीत एलडीएच या विकराच्या मोजमापाचीही भर असते. क्षयाचा संशय असेल तर एडीए या विकराचे प्रमाण पाहतात. क्षयाचे जंतू या पाण्यात फार थोडे असतात. पाणी येते ते मुख्यतः जंतूंविरुद्ध शरीराने केलेल्या गदारोळामुळे. म्हणून ‘पाण्यात जंतू सापडले नाहीत’ याचा अर्थ ‘क्षय नाही’ असा होत नाही.

याच कारणाने क्षयाचे पाणी पुष्कळदा आपोआप आटतेही, आणि खरा धोका तेथेच आहे. औषधे नव्हती त्या काळी असे पाणी झालेल्या १४१ अमेरिकन सैनिकांचा मागोवा १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोकांना पुढे क्षयरोगाने पुन्हा गाठले. पाणी गेले होते, जंतू गेले नव्हते. म्हणून आज उपचार सहा महिन्यांचा असतो: पहिले दोन महिने आयसोनायझिड, रिफाम्पिसिन, पायरझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे, पुढे चार महिने पायरझिनामाइड वगळून तीन. धाप बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच जाते, आणि गोळ्या सोडण्याचा मोह तेव्हाच होतो. औषधे सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. रुग्णाला सकस आहारासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. भोसरीच्या ओतशाळांत काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे: वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर क्षयाचा धोका वाढतो.

न्यूमोनियानंतर फटीत पू झाला, तर प्रतिजैविके लागतात. पिंपरीची ओळख आज मोटारींची असली, तरी त्याआधीची ओळख या औषधांची आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसीनही. पण पू नुसत्या औषधाने हटत नाही, तो बाहेर काढावाच लागतो. त्यासाठी बरगड्यांमधून नळी घालून ती एका बाटलीत सोडतात. ही बाटली म्हणजे शाळेतील प्रयोगच. हॅम्बुर्गच्या ब्यूलाऊ या डॉक्टरने १८७५ साली ही रीत वापरली. नळीचे टोक बाटलीतील पाण्यात सुमारे २ सेंटिमीटर बुडालेले असते आणि बाटलीला हवा जायला दुसरी वाट असते. रुग्ण श्वास सोडतो किंवा खोकतो तेव्हा फटीतील दाब २ सेंटिमीटरांहून वाढला, की पू व हवा बाहेर पडतात. श्वास घेताना दाब उणे होतो, पण हवा आत शिरत नाही. पाणीच नळीत थोडे वर चढते आणि वाट बंद करते. एकही स्प्रिंग वा पडदा नसलेली ही एकमार्गी झडप!

शीतपेयाची जाड नळी पाण्याच्या बाटलीत २ सेंटिमीटर बुडवून, बाटलीचे तोंड उघडे ठेवून, हे करून पाहा. हलकेच फुंका, बुडबुडे येतील. हलकेच ओढा, पाणी चढेल आणि सोडताच उतरेल. रुग्णाच्या नळीतील पाणी श्वासागणिक असेच वरखाली होत असते, आणि परिचारिका त्यावर नजर ठेवून असते. हालचाल थांबली तर नळी तुंबली असेल किंवा फुप्फुस पूर्ण फुगून जागेवर आले असेल. कोणते ते क्ष-किरण चित्र सांगते. बाटली नेहमी खाटेखाली, छातीपासून पुष्कळ खाली ठेवतात. भेटायला गेलेल्या नातेवाइकाने ती मध्ये येते म्हणून उचलून खाटेवर ठेवली तर काय होईल, हे आता तुम्हीच सांगू शकाल: बाटलीतील घाण पाणी उलट छातीत वाहू लागेल.